परसांतील मधमाश्या : मध थोडा, फळ फार

भोपळ्याचा वेल मांडवावर चढावा, पानें सुपाएवढीं व्हावींत, फुलांनीं मांडव पिवळा दिसूं लागावा, आणि बोटाएवढा झालेला भोपळा मात्र चार दिवसांत पिवळा पडून गळावा, हा अनुभव परस असलेल्या बहुतेक घरांस असेल. मग कोणी म्हणतें नजर लागली, कोणी म्हणतें खत कमी पडलें, कोणी आळ्यांत राख घालण्याचा सल्ला देतें. आमच्या थोरल्या काकूंनीं तर एके वर्षीं मांडवाच्या खांबास जुनी वहाण टांगून पाहिली. वहाण लोंबत राहिली आणि भोपळेही गळत राहिले! दोष नजरेचा नव्हता आणि खताचाही नव्हता. वेलाच्या घरचें लग्न ठरलें होतें, वधू-वर दोघेही मांडवांत हजर होते, पण लग्न लावणारे भटजीच आले नव्हते, इतकेंच! हे भटजी म्हणजे मधमाश्या.

धाड हें आमचें गांव बुलढाणा जिल्ह्यांत, बुलढाण्याच्या नैर्ऋत्येस, मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचा हा प्रदेश. जमीन काळी, पाऊस बेताचा व उन्हाळा कडक. कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा हीं येथील नित्याचीं पिकें. घराच्या मागें न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला शेवगा, एखादी लिंबोणी, पेरूचें झाड, वेलांचा मांडव आणि पुढें तुळशीवृंदावन, असा जुन्या घरांचा थाट आजही पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. अशा घरानें हौसेनें मधमाशी पाळावी काय, पाळल्यास लाभ कोणता, आणि त्यासाठीं घरांतील माणसांनीं स्वतःस कोणती शिस्त लावून घ्यावी, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. मधमाशी पाळावी ती बागेसाठीं. मध हा तिचा वरकड प्रसाद समजावा. आणि ज्या घरास औषधफवारणीचा हात आवरतां येत नाहीं, त्यानें पेटी आणण्याच्या भरीस पडूं नये.

फूल आणि फळ यांमधील मध्यस्थ

भोपळा, काकडी, कारलें, दोडका या वेलांत नर-फूल निराळें व मादी-फूल निराळें असतें. नर-फुलाचा देठ बारीक व लांब असतो. मादी-फुलाच्या बुडाशीं फळाची चिमुकली आकृति जन्मतःच असते. नर-फुलांतील पराग मादी-फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट भागावर जाऊन पडला, तरच ती आकृति वाढीस लागते. भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्यामुळें तो वाऱ्यानें उडून जात नाहीं. कोणीतरी तो उचलून नेऊन पोंचवावा लागतो. त्यांतून हें फूल पहाटे उमलतें व दुपारपूर्वीं मिटूं लागतें. मादी-फुलाच्या आयुष्यांत हा मुहूर्त एकदांच येतो. तो टळला कीं फळ गळालेंच म्हणून समजावें. शिवाय माशीची एखादी ओझरती भेट पुरत नाहीं. पुष्कळ भेटी व्हाव्या लागतात. काकडी एका अंगानें फुगून दुसऱ्या अंगानें आंखडते व वांकडी होते, त्याचें एक कारण हेंच कीं एका बाजूच्या बियांस पराग मिळाला व दुसऱ्या बाजूच्या तशाच राहिल्या.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मधमाशी सर्वच फुलांची भटजी नव्हे. दुध्याचें पांढरें फूल तिन्हीसांजेस उघडतें व तेथें रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांचा हातभार मोठा असतो. वांगें व टोमॅटो यांच्या फुलांत पराग बंद नळ्यांत असून त्या नळ्यांच्या टोंकास बारीक छिद्रें असतात. मिठाच्या डबीच्या झांकणांतील भोकांतून मीठ बाहेर पडण्यासाठीं डबी जशी हलवावी लागते, तशी हीं फुलें अंगाच्या कंपनानें हलवावीं लागतात. ही विद्या मधमाशीस येत नाहीं. ती लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यास व मातींत बिळें करून राहणाऱ्या कांहीं एकट्या माश्यांस अवगत आहे. म्हणून परसांतील एखादा वाळका ओंडका व कुंपणाची जुनी मातीची भिंत अगदीं नामशेष करूं नये. ज्वारी-बाजरीचा पराग तर वाराच नेतो. परंतु भोपळा, काकडी, कारलें, पेरू, शेवगा, कोथिंबिरीचें व मोहरीचें बी, सूर्यफूल, तीळ यांस मधमाशीचा उपयोग निश्चित होतो. तुरीच्या फुलांसही तिची भेट हितावह होते.

मधमाशीचें महत्त्व तिच्या एका स्वभावांत आहे. फुलपांखरू या फुलावरून त्या फुलावर मन मानेल तसें भटकतें. मधमाशी एका फेरींत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. काकडीचा पराग काकडीस व पेरूचा पेरूसच मिळतो, तो या एकनिष्ठेमुळें. आणि ही एकटी येत नाहीं. कोठें चांगला फुलोरा आहे याची वर्दी ती घरीं जाऊन नाचून देते. नाचतांना पोळ्यावर धरलेल्या दिशेनें सूर्यापासूनचा कोन व नाचण्याच्या वेळावरून अंतर ती सांगते, हें कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें सिद्ध केलें व त्याच्या संशोधनाबद्दल त्यास १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

कांद्याच्या गोंड्याची साक्ष

मधमाशीचें मोल आमच्या भागास जर कोणीं पटवलें असेल, तर तें कांद्याच्या बियाण्यानें. शेजारच्या जालन्यास १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं संकरित बियाण्यांची कंपनी स्थापन केली. पुढें जालना हें बियाण्यांचें मोठें केंद्र झालें आणि त्याच्या आसपास, बुलढाणा जिल्ह्यांतील देऊळगांवराजासारख्या तालुक्यांत, बीजोत्पादनाचा व्यवसाय रुजला. कांद्याचें बी घेणें हा त्यांतील एक मोठा भाग. माघ-फाल्गुनांत कांद्याच्या उभ्या दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात. एकेका गोंड्यांत शेंकडों बारीक फुलें असतात. पण निसर्गाची योजना अशी कीं प्रत्येक फुलांत पराग आधीं झडतो आणि मादी-भाग मागाहून तयार होतो. त्यामुळें फुलास स्वतःचा पराग वेळेवर उपयोगीं पडत नाहीं. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणावा लागतो. एका फुलांत फार झालें तर सहा बिया धरतात. माशी आली तर बी, न आली तर भुसा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. म्हणूनच बीजोत्पादन करणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या शेतांत मुद्दाम आणून ठेवूं लागले आहेत. ज्या माशीस आपल्या पूर्वजांनीं मशाल दाखवून पळवून लावलें, तिच्यासाठीं आज शेतकरी पदरचे पैसे मोजतो, हा काळाचा महिमा होय.

कोणती माशी घरची होते ?

आपल्या प्रदेशांत मधमाश्यांच्या मुख्य जाती पांच. पहिली आग्या. ती उंच झाडावर किंवा कड्यावर उघड्यावर एकच मोठें पोळें बांधते; अजिंठ्याच्या लेण्यांच्या कड्यांवर लोंबणारीं मोहोळें तिचीं. तिचा राग प्रसिद्ध आहे. ती पेटींत राहत नाहीं आणि तिच्या वाटेस जाऊंही नये. दुसरी फुलोरी. ही लहान, गरीब, आणि कुंपणाच्या झुडपांत हाताच्या तळव्याएवढें पोळें लावणारी. तीही पेटींत राहत नाहीं, परंतु परसांत ती आपण होऊन आली असेल तर तिला राहूं द्यावें. एवढें केलें तरी फुकटचें मधुमक्षिकापालन घडलें! तिसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत, अंधारांत, एकाखालीं एक न लावतां एकाशेजारीं एक अशीं समांतर पोळीं बांधते. म्हणूनच ती पेटींत पाळतां येते. चौथी पाश्चात्त्य मेलिफेरा माशी. हिमाचल प्रदेशांतील नगरोटा येथें १९६२ पासून झालेल्या प्रयत्नांनीं ती आपल्या देशांत स्थिरावली. ती मध पुष्कळ देते. परंतु फुलोऱ्याच्या मागोमाग पेट्या गांवोगांव हलवाव्या लागतात. हें काम धंदेवाइकाचें आहे, गृहस्थाचें नव्हे.

पांचवी माशी सर्वांत चिमुकली. मुंगीहून थोडी मोठी, काळसर, आणि नांगीचा दंश न करणारी. कांहीं भागांत तिला पोयाची माशी म्हणतात. ती भिंतीच्या फटींत, दाराच्या चौकटीमागें किंवा झाडाच्या पोकळींत राहते व मेण आणि डिंक यांची बारीक नळी करून तीच आपलें प्रवेशद्वार बनविते. तिचा मध वाटीभरच निघतो, पण लहानशा लांकडी खोक्यांत किंवा मातीच्या मडक्यांतही ती नांदते. ज्या घरांत रांगतीं मुलें व वृद्ध माणसें आहेत, त्यांनीं पहिला धडा या माशीपासूनच घ्यावा. ती लांबवर जात नाहीं. आपल्याच परसांत राबते, हा तिचा आणखी एक गुण.

सातेरीविषयीं एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. ती मूळची डोंगराळ व झाडीच्या प्रदेशांत सुखानें राहणारी. आमच्या पठारावरील वैशाख-ज्येष्ठाचें ऊन तिला सोसत नाहीं. सावली, पाणी व खाद्य यांपैकीं कशाचीही उणीव भासली, कीं ती सर्व बिऱ्हाड घेऊन एके सकाळीं निघून जाते. म्हणून पहिल्याच वर्षीं दहा पेट्यांचा संसार मांडूं नये. एक किंवा फार तर दोन पेट्यांवर हात बसवावा.

पेटी, जागा आणि ऋतु

आधुनिक पेटीचें सर्व मर्म एका बोटाच्या अंतरांत आहे. अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या १८५१ सालीं असें ध्यानांत आलें, कीं माश्या आपल्या जाण्यायेण्यासाठीं सुमारें पाव ते तीन-अष्टमांश इंच वाट मोकळी ठेवतात. याहून अधिक जागा असली तर तेथें पोळें बांधतात आणि कमी असली तर ती डिंकानें बुजवून टाकतात. त्यानें चौकटींमध्यें नेमकी तेवढीच वाट ठेवली. तेव्हांपासून पोळें न फोडतां चौकट उचलून पाहणें, मध काढणें व चौकट परत ठेवणें शक्य झालें. पेटीच्या खालच्या मजल्यांत राणी अंडीं घालते व पिलें वाढतात. वरच्या मजल्यांत मध सांठतो. गृहस्थानें वरच्या मजल्यावरच हक्क सांगावा, खालचा माश्यांच्या संसाराचा आहे.

पेटी आंब्याच्या, कडुलिंबाच्या किंवा लिंबोणीच्या दाट सावलींत ठेवावी. दार पूर्वेकडे असावें, म्हणजे कोवळें ऊन दारावर येऊन माश्या लवकर कामास लागतात. पेटी चार पायांच्या घडवंचीवर ठेवून प्रत्येक पायाखालीं पाण्याची वाटी ठेवावी; मुंग्यांपासून रक्षण करण्याचा याहून सोपा उपाय नाहीं. दारासमोरून घरांतील माणसांची किंवा गुराढोरांची येण्याजाण्याची वाट नसावी. जवळच एका उथळ परळांत पाणी ठेवून त्यांत खडे टाकावे, म्हणजे माश्या बुडत नाहींत. पेटींतील पिलांसाठीं माश्या चौतीस-पस्तीस अंश सेल्सिअस उष्णता राखतात. उन्हाळ्यांत त्या पाणी आणून शिंपडतात व पंखांनीं वारा घालतात. ज्या घरीं माणसांसाठीं माठ भरले जातात, तेथें हें एक परळ जड होऊं नये. पेटीवर ओलें पोतें टाकून सावली अधिक दाट करावी.

खाद्याचा क्रम आमच्याकडे साधारण असा असतो. दसऱ्या-दिवाळीपासून तीळ, तूर व रानफुलें. पौष-माघांत कोथिंबीर, मोहरी व सूर्यफूल. माघ-फाल्गुनांत कांद्याचे गोंडे. चैत्रांत कडुलिंब, करंज व जांभूळ. अंगणांतील तुळस तर मंजिऱ्या खुडल्या नाहींत तर वर्षभर माश्यांस बोलावते. उपवासाचे महिने दोन : ज्येष्ठ कोरडा, आणि झडीचा श्रावण. या दिवसांत समभाग साखर व पाणी यांचा पाक करून, गार झाल्यावर तिन्हीसांजेस पेटीच्या आंत ठेवावा. दिवसा किंवा उघड्यावर ठेवल्यास दुसऱ्या वसाहतींतील माश्या लुटालूट करितात.

आठवड्यांतून एकदां, स्वच्छ उन्हाच्या वेळीं, तोंडावर जाळी व अंगांत फिकट रंगाचे कपडे घालून, किंचित् धूर देऊन पेटी उघडावी. ताजीं अंडीं दिसलीं म्हणजे राणी कुशल आहे असें समजावें. तळाशी भुसा व जाळें दिसलें तर मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांनीं शिरकाव केला आहे. तळपाट साफ करून रिकामीं जुनीं पोळीं काढून टाकावींत. वसाहत भरलेली असेल तर या अळ्यांचें कांहीं चालत नाहीं. दुबळ्या घरांतच चोर शिरतो.

दंशाची भीति बाळगूं नये, पण त्यास तुच्छही लेखूं नये. माशी चावली तर नांगी चिमटींत धरून उपटूं नये, नखानें खरडून तत्काळ काढावी. नांगीबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो इतर माश्यांस चिथावतो. तेव्हां तेथून शांतपणें दूर व्हावें. सूज व आग कांहीं वेळानें ओसरते. परंतु कोणास अंगभर गांधी उठल्या, ओंठ किंवा चेहरा सुजला, श्वास कोंडला किंवा भोंवळ आली, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें. अशा प्रकृतीच्या माणसानें पेटीजवळ जाऊंच नये.

आमच्याच हातून घडलेली चूक

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना संकोच वाटतो, पण सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. पेटी आणल्यावर पहिले चार महिने घरांत मोठा उत्साह होता. मुलें सकाळीं उठून आधीं पेटीकडे धांवत. काकूंनीं मांडवावरील भोपळे मोजण्यास आरंभ केला व खांबावरील वहाण आपल्याच हातांनीं काढली. विहिरीजवळच्या वाफ्यांत बियाण्यासाठीं लावलेला कांदा फाल्गुनांत ऐन फुलोऱ्यांत आला. त्यावर फुलकिडे दिसले. धाकट्या बंधूंनीं वाट न पाहतां सकाळीं आठच्या सुमारास पंप पाठीस लावून फवारणी केली. आम्ही घरांतच होतों. पंपाचा आवाज ऐकला, आणि कोणाच्याही मनांत कांहीं आलें नाहीं. दुपारीं पेटीसमोरची जमीन काळी दिसूं लागली. जवळ जाऊन पाहतों तों मेलेल्या व तडफडणाऱ्या माश्यांचा खच! पुष्कळांच्या सोंडा बाहेर आलेल्या होत्या. वहिनींनीं झाडून त्या सुपांत भरल्या, सूप भरलें.

बंधु म्हणाले, “मीं औषध कांद्यास दिलें, माश्यांस नव्हे.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें आणि त्यांत दुष्टावाही नव्हता. परंतु कांद्याच्या गोंड्यावर त्या घटकेस माशीच बसली होती, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. सांगण्याचें काम आमचें होतें. राणी व मूठभर माश्या कांहीं दिवस तगल्या. मग पोळ्यांत अळ्या शिरल्या व गुढीपाडव्यापूर्वीं पेटी सुनी झाली. त्या वाफ्यांतील गोंडे चोळतांना भुसा फार व काळें बी थोडें हातीं आलें. त्यास तेवढें एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मुलांनीं तें पाहिलें आणि त्यांना जें समजावयाचें तें समजलें.

तेव्हांपासून घरांत कांहीं नियम ठरले आहेत व ते भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारीं लिहून लाविले आहेत. फुलोऱ्यांत शक्यतों फवारणी करूं नये. किडीचा बंदोबस्त कळ्या उमलण्यापूर्वीं करावा. टाळतां येत नसेल तर माश्या घरीं परतल्यावर, संध्याकाळीं करावी. भुकटीचें औषध माशीच्या अंगावरील केसांस परागासारखें चिकटून पेटींत जातें, म्हणून तें अधिक घातक. फवारणीच्या आदल्या संध्याकाळीं पेटीचें दार जाळीनें बंद करून पेटी झांकावी व हवा खेळती ठेवावी, किंवा पेटीच दूर न्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेजारच्या मळ्यांत काय चाललें आहे याची विचारपूस ठेवावी. माशी बांध ओळखत नाहीं. सातेरीही मैलभर सहज जाते. तेव्हां एका घराची मधमाशी ही खरोखर साऱ्या शिवाराची ठेव आहे. आम्ही फुलोऱ्याच्या दिवसांत शेजाऱ्यांकडे जाऊन हात जोडून सांगतों. कोणी हंसतात; पण बरेच ऐकतातही, कारण त्यांच्या भोपळ्यांसही तीच माशी लागते. बियाण्यास चोळल्यावर रोपाच्या अंगांत भिनून पराग व मकरंद यांत उतरणारीं कांहीं कीटकनाशकें अशीं निघाली आहेत, कीं युरोपीय संघानें त्यांतील तिहींचा उघड्या शेतांतील उपयोग २०१८ सालीं बंद केला. यावरून विषयाचें गांभीर्य ध्यानांत यावें.

मधाचा हिशेब

सातेरीच्या पेटींतून वर्षाकाठीं चार-पांच किलो मध मिळाला, तर गृहस्थाची पेटी चांगली साधली असें समजावें. मोठ्या कुटुंबांत एवढा मध पाहतां पाहतां संपतो. म्हणून मधाच्या पैशांवर पेटीचा खर्च भरून काढूं पाहणारा बहुधा निराश होतो. मध काढावयाचा तो चौकटीवरील कोठ्या मेणानें बंद झाल्यावरच. तोंवर त्यांत पाणी अधिक असतें व तो आंबतो. हातयंत्रांत चौकट फिरवून मध काढला म्हणजे पोळें शाबूत राहतें व माश्यांचे श्रम वांचतात. पोळें पिळून काढलेल्या मधांत अंडीं व पिलें चिरडलीं जातात. देवाच्या पंचामृतांत घालावयाचा मध तरी हिंसेचा नसावा, असें कोणत्याही सात्त्विक घरास वाटेल. वर्ध्यास १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां मधुमक्षिकापालनास ग्रामोद्योगांत स्थान मिळालें.

घरांतील मधाविषयीं दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. थंडींत मध गोठून रवाळ झाला म्हणजे त्यांत साखर आहे, असा ग्रह करूं नये. पुष्कळ फुलांचा शुद्ध मधही गोठतो. पाण्यांत थेंब टाकून शुद्धता पाहण्याची रीतही विश्वासाची नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडे जन्मलेल्या बालकास मध चाटविण्याची चाल आहे. परंतु मधांत कधीं कधीं असे सूक्ष्म जंतुबीज असतात कीं मोठ्या माणसास त्यांची बाधा होत नाहीं, पण एक वर्षाच्या आंतील बालकाच्या आंतड्यांत ते वाढून विषबाधा करितात. मूल शिथिल पडतें व श्वासास धोका पोंचतो. यास्तव बालक एक वर्षाचें होईपर्यंत त्यास मधाचें बोटही लावूं नये. संस्कार करावयाचाच तर तो मंत्रानें व्हावा. मध बालकाच्या ओंठास न लावतां आईच्या हातावर ठेवावा.

शिकावयाचें कोठें ?

पुस्तक वाचून पोहणें जसें येत नाहीं, तसेंच हेंही. ज्यांस खरी हौस आहे त्यांनीं प्रथम एखाद्या अनुभवी मधपाळाबरोबर चार दिवस घालवावे. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरास आहे. शिक्षण व पेट्या यांविषयींची चौकशी जिल्ह्यांतील खादी-ग्रामोद्योग कार्यालयांतही करतां येते. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून घोषित झालें. आमच्या पठारास महाबळेश्वरची झाडी कोठून येणार ? परंतु आपल्या गांवच्या माश्या जगूं देण्याचा निश्चय करण्यास झाडीची वाट पाहावी लागत नाहीं. पेटी विकत घेतांना ती दूरदेशींहून मागवूं नये, रोगाचा फैलाव अशा वाहतुकीनें होतो. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पिलांस होणाऱ्या एका विषाणुरोगानें दक्षिण भारतांतील सातेरीच्या अगणित वसाहती नष्ट झाल्या, हें विसरतां कामा नये.

एकत्र कुटुंबास हा छंद विशेष शोभतो, असें आम्हांस अनुभवानें वाटतें. पेटीचें तंत्रच एकत्र कुटुंबाचें आहे. कोणी पिलांस भरवितें, कोणी दार राखतें, कोणी पाणी आणतें, आणि कामाच्या दिवसांतील कामकरी माशी सुमारें सहा आठवड्यांत आपलें आयुष्य वेंचून जाते. तिनें सांठविलेला मध बहुधा मागाहून जन्मलेल्या बहिणी खातात. वडील मंडळींनीं पाणी व मुंग्या यांकडे पाहावें, तरुणांनीं पेटी उघडावी, मुलांनीं कोणत्या दिवशीं कोणतें फूल उमललें व त्यावर किती माश्या आल्या याची वही ठेवावी. शाळेंतील निसर्गपाठाहून ती वही अधिक शिकवील.

बृहदारण्यक उपनिषदांतील मधुविद्येचा आशय असा सांगतात, कीं ही पृथ्वी सर्व भूतांस मधासारखी आहे आणि सर्व भूतें पृथ्वीस मधासारखीं आहेत. उपकार एका बाजूनें कधींच होत नाहीं. हें तत्त्व समजण्यास फार दूर जावयास नको. दुसऱ्या वर्षीं आम्हीं पुन्हां पेटी आणली. यंदा त्या पेटींतून दोन किलोच मध निघाला आणि तो पाहुण्यांतच संपला. परंतु भोपळे इतके धरले कीं शेजारीं चार घरीं वांटूनही उरले. काकू आतां पहाटे मांडवाखालीं जातात, फुलांत माशी शिरलेली दिसली कीं कोणास मोठ्यानें बोलूं देत नाहींत, आणि धाकटे बंधु फवारणीचा पंप काढण्यापूर्वीं त्यांना विचारतात. घरांत मधमाशी आली याची खरी खूण आम्ही हीच समजतों.